शनिवारची मॅच

सांताक्रूझ विमानतळावर निरोप द्यायला आमची ठाण्याची अख्खी फुटबॉल टीम आली होती. मी त्यांचा गोलकीपर. शब्बाथ, म्हणजे आम्हा ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळायचा म्हणून शनिवारी मी कधी उतरत नसे, आणि माझ्यापायी तारखा बदलून घेताना कॅप्टन मेटाकुटीला येई. तोच गळ्यात हार घालत हसला, "सुटलास लेका! तिकडे सगळे तुमचेच. शनिवारचं भांडणच मिटलं." मागे राहणारे बाबा एवढंच म्हणाले, "शब्बाथ सांभाळ रे."

तिकडे किर्यात गात या गावी सूतगिरणीत लागलो, गावच्या टीममध्येही शिरलो. आणि कळलं काय, तर ज्यूंच्या देशात मॅच असते शनिवारीच! हसावं की रडावं? मी नुसतीच प्रॅक्टिस करत राहिलो. मग वरच्या गटात जायची निर्णायक मॅच आली, नेहमीचा कीपर आजारी पडला आणि मी उतरलो. अगदी शेवटी एक साधा, पोरासोरांनी धरावा असा बॉल माझ्या हातांत आला आणि निसटून आत गेला. तेवढ्या एका गोलने हरलो.

"लो नोरा," कोच म्हणाला. म्हणजे चालायचंच. इथे सगळ्यालाच लो नोरा. बाकीचे दोन दिवसांत हसत प्रॅक्टिसला गेले. मी पुन्हा कधीच गेलो नाही. शब्बाथ मोडला म्हणून देवाने बॉल सोडवला, असं मनाशी पक्कं केलं. तरी तो बॉल पाठ सोडीना. गिरणीत सुताची बॉबिन हाती घेतली की ती दोन्ही हातांनी घट्ट धरायचो. शनिवारी सिनेगॉगमध्ये मैदानावरची आरोळी ऐकू आली की प्रार्थनेचे शब्दच आठवत नसत.

काही वर्षांनी बाबा कायमचे इकडे आले. एका शनिवारी ती आरोळी ऐकून त्यांनी विचारलं, "तू नाय खेळत आता?" मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, भडकतील. मला ते हवंच होतं.

"शब्बाथ मोडलास त्याचं देव काय ते बघेल," बाबा म्हणाले. "पण बॉल सोडवायला तो कशाला येतोय? तो तुझ्या हातून सुटला, बाळा."

केवढा आधार काढून घेतला त्यांनी! इतकी वर्षं मध्ये देव तरी होता. आता मी आणि तो बॉल, दोघंच.

तुम्ही तिकडून भेटायला येणारे विचारता, ठाणं आठवतं का? आठवतं. पण तिथे राहतो तो कधीच न हरलेला पोरगा, आणि त्याला माझी ओळख पटणार नाही. हरलेला मी इथला आहे, मैदानाजवळच्या या घरातला.