फ्लॉसीच्या बरणीतली लबाडी

नंदाखाल गावच्या फ्लॉसीचं आरारूट म्हणजे आरारूट, असं आगाशीपर्यंत बोललं जाई आणि ते ऐकून फ्लॉसीला आतून गुदगुल्या होत. वाडीतले कंद किसायचे, पाण्यात कालवून गाळायचे, तळाशी बसलेला पांढरा साका उन्हात वाळवायचा. दरवर्षी एक बरणी आगाशीच्या आशालताबाईंची. त्यांनी एरॉलला, फ्लॉसीच्या लेकाला, चौथीपर्यंत शिकवलेलं. बाईंना साबुदाणा सोसत नाही, त्यामुळे चतुर्थीच्या उपासाला आरारूटची कांजी हाच त्यांचा आधार.

यंदा वाडीत पाणी साचलं आणि कंद कुजले. सरळ सांगायचं की नाही! पण मोठेपणा आडवा आला. फ्लॉसीने बाजारातून कॉर्नफ्लॉवर आणलं, बरणीत भरलं आणि फेब्रुवारीत बाईंना नेऊन दिलं. पांढरं ते पांढरं, कोणाला कळतंय!

ऑगस्टमध्ये ती उकडलेली कणसं घेऊन गेली, तेव्हा बाई म्हणाल्या, "आज संकष्टी गं. मका धान्यात येतो, उपासाला चालत नाही."

फ्लॉसीला एकदम ती बरणी आठवली. आरारूट हा कंद आणि आपण दिलं ते मक्याचं. बाईंचा उपास आपण महिनोन्महिने मोडतोय! शनिवारी तिने चर्चमध्ये पापनिवेदन केलं. फादरांनी प्रायश्चित्त म्हणून तीन 'नमो मरिया' म्हणायला सांगितल्या. पण फादरांना चतुर्थीचं काय कळणार? तिला घास गोड लागेना. रविवारी चर्चमधली मिस्सा संपताच तिने थेट आगाशी गाठली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मला पहिल्याच चतुर्थीला कळलं. तुझं आरारूट शिजलं की आरपार दिसतं. हे दुधासारखं गढूळच राहिलं. मी तोंडाला लावलं नाही."

"मग उपासाला काय घेत होता, बाई?"

"चहा."

सात चतुर्थ्या! पंचाहत्तरीची बाई नुसत्या चहावर. फ्लॉसीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला बोलला का नाहीत?"

"वाटलं, किसून किसून तुझे हात दुखत असतील, तोंडाने नाही म्हणवत नसेल. माझंच चुकलं, दरवर्षी हक्काने घेत राहिले." बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पुढच्या वर्षीपासून मला नको पाठवूस हं."