बोलावणं खरं धरणारे सर

परतूर तालुक्यात बोललेला प्रत्येक शब्द खरा धरणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो अमेरिकेचा होता. माझं हे म्हणणं कुणाला झोंबलं तर झोंबू द्या. मी भूगोल शिकवते, पुराव्याशिवाय बोलत नाही.

आपल्याकडं बोलायची एक रीत आहे. माणूस जेवायला बसलेला असावा आणि समोरून कुणी चाललेलं असावं, की बसलेल्यानं ‘या जेवायला’ म्हणायचं. जाणाऱ्यानं ‘चालू द्या’ म्हणून हात वर करायचा आणि पुढं निघायचं. यात कुणी कुणाला जेवू घालत नाही आणि कुणी उपाशीही राहत नाही, दोघांनाही बरं मात्र वाटतं. आमच्या सरांना हे कुणी सांगितलंच नाही. ते आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या मॅडम, परतूरला इंग्रजी शिकवायला आले आणि पहिल्याच आठवड्यात दुकानात डबा उघडून बसलेल्या टेलरनं त्यांना ‘या जेवायला’ म्हटलं. सरांनी ‘थँक्यू’ म्हटलं, चपला काढल्या आणि कापडाच्या तुकड्यांत मांडी घालून बसले. टेलरनं आयुष्यात पहिल्यांदा दोन पोळ्यांचे तीन वाटे केले. तेव्हापासून तो शटर अर्धं ओढून जेवायला लागला.

मी तेव्हा अकरावीत होते. सर उंचीनं एवढे, की वर्गात शिरताना मान वाकवायची त्यांना सवयच लागली होती आणि मग ते उंच दारातूनही वाकूनच जायचे. मॅडम बुटक्या, डोक्यावर गवती टोपी, आणि सरांच्या मागं दोन पावलं चालत त्यांच्या हातून सुटलेल्या वस्तू गोळा करणाऱ्या. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागल्यावर दोघांनी घर बंद केलं होतं आणि मास्तरकी करत फिरत होते. कोरिया झाला, थायलंड झालं, नेपाळ झालं, मग परतूर. मराठी त्यांनी पुस्तकातून कमी आणि स्टँडवर जास्त उचललं. सर ‘मी येऊन राह्यलो’ म्हणायचे, ‘बिलकुल’ आणि ‘बराबर’ तर श्वासागणिक. पुण्याहून एकदा कुणी मोठे साहेब शाळा बघायला आले आणि सरांशी बोलून झाल्यावर हेडमास्तरांना हळूच म्हणाले, की यांचं इंग्रजी समजतं, मराठी जरा अवघड जातं.

सरांच्या शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी असायची. तिला अख्खा गाव टरकून होता. आपण माणसाला भेटलो की निघताना म्हणतोच ना, ‘या की एकदा घरी’. सर जागच्या जागी थांबायचे, डायरी काढायचे, पेन्सिलीला थुंकी लावायचे आणि विचारायचे, “कधी?” यावर काय उत्तर द्यायचं ते आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. माणूस गडबडायचा आणि तोंडाला येईल तो वार सांगून मोकळा व्हायचा. सर पुढं विचारायचे, “किती वाजता?”

अशीच एकदा जालन्याच्या एसटीत एका कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता त्यांना राजूरला बोलावलं. तो राहणारा राजूरचा. या आमच्याकडं, गणपतीचं दर्शन बी होईल, असं सहज बोलून गेला. गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती, तरी सरांनी डायरी काढली. कंडक्टर घंटी वाजवत म्हणाला, या चतुर्थीला. चतुर्थीला राजूरला केवढी गर्दी असते ते मी सांगायला नको. त्या गर्दीत हे दोघं नारळवाल्यापासून फुलवाल्यापर्यंत सगळ्यांना कंडक्टरचं घर विचारत गेले आणि पोचले. कंडक्टर ड्युटीवर होता. त्यानं घरी काही सांगितलेलंही नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही घडलंय हेच त्याला ठाऊक नव्हतं. बायकोनं घाबरत घाबरत भगर आणि शेंगदाण्याची आमटी वाढली. संध्याकाळी तो घरी आला तर अंगणातल्या बाजेवर अमेरिका झोपलेली, आणि त्याची म्हातारी मॅडमना वाती वळायला शिकवत होती. पण गंमत अशी, की पुढं दर उन्हाळ्यात त्या म्हातारीच्या हातचे पापड त्याच एसटीनं परतूरला यायचे. बदनापूरच्या एका शेतीवाल्या साहेबांनी असंच ‘या आमची तूर बघायला’ म्हटलं होतं. सर पॅसेंजरनं गेले आणि दिवसभर तूरच बघून आले.

हेडमास्तर मात्र यात चांगलेच सापडले. स्वागताच्या भाषणात त्यांनी म्हटलं होतं, की तुम्ही आमचेच आहात, काही लागलं तर हक्कानं सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी सर हक्कानं यादी घेऊन हजर. त्यात स्वतःसाठी काही नव्हतं. फळ्याला रंग, अकरावीच्या वर्गातला पंखा, आणि मुलींच्या संडासाला आतून कडी. हेडमास्तरांनी आठ दिवस टाळलं, पण सर रोज येऊन हसतमुखानं, ‘तुम्ही म्हटलं होतं’ एवढंच सांगायचे. कडी बसली. ती नव्हती तेव्हा आम्ही मुली दिवसभर पाणी प्यायचो नाही, हे सरांना कसं कळलं ते आम्हाला कळलं नाही. पुढं लक्षात आलं, की यादी मॅडमची होती.

एकदा मी धीर करून विचारलं, सर, तुम्ही सगळ्यांकडं जाता कसे? तर म्हणाले, “माझ्या गावात शेजारी चार मैलांवर. मधे सगळा मका. वर्षात तीन वेळा कुणी बोलावलं तर खूप. इथे लोक रोज बोलावतात. नाही म्हणायला मी काय वेडा आहे?”

आता माझी गोष्ट. आमचं गाव परतूरपासून चार किलोमीटरवर. आप्पा, म्हणजे माझे वडील, चौथी शिकलेले. माय शाळेत गेलीच नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. पण ती पायरी चढायची राहूनच जात होती.

बारावीची परीक्षा झाली होती. आप्पा आणि माय बांधावर भाकरी खात बसले होते आणि रस्त्यानं सर नि मॅडम सायकलवरून चालले होते. आप्पांच्या तोंडून सवयीनं जायचं ते गेलं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मॅडमना ठेच्यानं ठसका लागला, सरांनी अडीच भाकऱ्या खाल्ल्या आणि हात धुता धुता विचारलं, की हिला पुढं शिकवणार ना? आप्पा म्हणाले, शिकवू की, निकाल लागल्यावर या, संगंच जाऊ कॉलेजात नाव घालायला. आमच्याकडं ‘शिकवू की’ म्हणजे हा विषय आता पुरे. सरांनी डायरी काढली. आप्पांनी निकालानंतरचा दुसरा मंगळवार सांगितला, दहाची वेळ सांगितली, आणि ते गेल्यावर बराच वेळ हसत बसले.

निकाल लागला. मला चांगले मार्क पडले. आणि त्याच आठवड्यात माझे मोठे चुलते, तात्या, अंबडकडचं एक स्थळ घेऊन आले. मुलगा चांगला, घर चांगलं, पोरीनं बारावी केली तेवढं बास. आप्पांनी तात्यांसमोर कधी मान वर केलेली मी पाहिली नव्हती. तात्यांनी वाढवलं, तात्यांनी लग्न लावून दिलं. ते म्हणाले पुढच्या मंगळवारी सकाळी पाहुणे येतील, आप्पांनी मान डोलवली. कॉलेजचे फॉर्म त्याच आठवड्यात बंद होणार होते. मी मायला म्हटलं, माय, एकदा बोल ना आप्पांशी. ती म्हणाली, “बोलले. ऐकून घेतलं त्यांनी. पुढं काय बोलंनात.”

मंगळवार उजाडला. मला मायची साडी नेसवली होती. चुलीवर पोह्याची तयारी, तात्या कडक इस्त्रीत ओट्यावर. दहाला पाच मिनिटं कमी असताना सायकलची घंटी वाजली. सर आणि मॅडम. सरांनी त्या दिवशी टायसुद्धा बांधला होता.

तात्या म्हणाले, “हे गोरे बराबर पोहे शिजायच्या टायमाला कसे उगवतात?”

सरांनी त्यांना वाकून नमस्कार केला, आप्पांसमोर गेले आणि डायरीचं पान उघडून धरलं. पेन्सिलीनं, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात लिहिलं होतं, आप्पा, मंगळवार, दहा, कॉलेज. आप्पांनी बोट ठेवून ते वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. चार शब्द वाचायला एवढा वेळ लागत नाही. मी दाराआड उभी होते.

“दादा,” आप्पा तात्यांना म्हणाले, “पाव्हण्याला शब्द दिल्ता म्या.”

“कसला शब्द?”

“पोरीचं नाव घालायचा. लिहून घेतलंय त्यानं.”

“आन् आता पाव्हणे येतील त्यान्ला काय सांगू?”

“पोहे द्या. म्या येतो जाऊन.”

तात्यांनी मग बरंच काही ऐकवलं. गोऱ्याच्या नादी लागून घर बुडवशील, लोक तोंडात शेण घालतील, असलं सगळं. आप्पा खाली बघून ऐकत राहिले, पण पायात चप्पल घालत ऐकत राहिले. साडीतच मला मोटारसायकलवर बसवलं. सर आणि मॅडम सायकलींवर मागं. आप्पांनी चार किलोमीटर गाडी एवढी हळू चालवली, की दोनदा बंद पडली, कारण त्या दोघांना मागं टाकायचं नव्हतं. कॉलेजात फॉर्मवर पालकाची सही करताना आप्पांनी जीभ दातात धरली होती. सर रांगेत उभे राहिले, मॅडमनी माझा पदर नीट केला. तात्या दिवाळीपर्यंत आमच्या अंगणात आले नाहीत. पाहुणे पोहे खाऊन गेले, आणि त्या मुलाचं पुढं चांगलं झालं. त्याची बायको आता ग्रामपंचायतीत आहे.

मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना सर आणि मॅडम परत गेले. परतूर स्टेशनवर निरोपाला एवढी माणसं, की गार्डाला वाटलं पुढारी चाललाय. टेलर आला होता, कंडक्टर रजा टाकून आला होता. सर सगळ्यांच्या गळ्यात पडत होते, तेव्हा मॅडमनी मला बाजूला घेतलं आणि इंग्रजीत सांगितलं, की तुला एक गोष्ट माहीत असावी. लोक नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात, हे सरांना चौथ्या महिन्यातच कळलं होतं. मी विचारलं, मग आमच्या घरी त्या मंगळवारी? मॅडम म्हणाल्या, “तो सकाळपासून तीनदा टाय बांधून सोडत होता.”

ही गोष्ट मी आप्पांना कधी सांगितली नव्हती. पुढं मी एमए केलं, आता बदनापूरच्या ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवते, सकाळच्या गाडीनं जाते. आमच्या घरात आभार मानायची पद्धत नाही. आपल्या माणसाचे आभार मानले तर त्याला परकं केल्यासारखं होतं. सरांना मी पत्रातून मानले. आप्पांना कसे मानायचे ते मला कळेना. गेल्या महिन्यात कापूस वेचून झाल्यावर आम्ही दोघं बांधावर टेकलो होतो, तेव्हा मी मॅडमची गोष्ट त्यांना सांगून टाकली. म्हटलं, आप्पा, सरांना सगळं कळत होतं. तुम्हाला शब्दात अडकवायलाच आल्ते ते.

आप्पांनी बोंडाचं टरफल बोटानं फोडत ऐकलं.

“मला काय कळत न्हवतं का?” ते म्हणाले. “दादाला न्हाई म्हणायची माझी छाती न्हवती. आठ दिस वाट बघून राह्यल्तो, की ह्यो माणूस विसरतो का काय. त्या दिवशी तुझ्या मायला म्हणल्तो, पोहे दोन माणसांचे जास्ती टाक.”

एवढी वर्षं मी हिशेब लावत होते, की मला कॉलेजात एका अमेरिकन माणसानं घातलं. आणि हा माणूस त्या सकाळी ओट्यावर बसून मनातल्या मनात सायकलची घंटी ऐकत होता.

“म्हातारा झाला असंल आता, एकदा जाऊन भेटाया पायजे,” आप्पा म्हणाले. मग टरफल बांधाखाली टाकून त्यांनी विचारलं, “ती अमेरिका कोण्या अंगाला म्हणायची?”

मी मास्तरीण. सांगितलं, की सरांचं गाव पृथ्वीवर जवळजवळ आपल्या पाठीमागंच येतं. इकडून उगवतीकडं गेलं काय आणि मावळतीकडं गेलं काय, सारखंच लांब.

आप्पांनी आधी एका बाजूला बघितलं, मग वळून दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडं रान मोकळं होतं.

“मंग बरंय,” ते म्हणाले. “वाट चुकायची भीती न्हाई.”