हुजुरांचं नाव नसलेला अर्ज

“आधी ऐका, मंग अंगठा द्या.” हिंगोलीच्या कचेरीसमोर निंबाखाली बसणारे मुन्शीजी असं म्हणत आणि समोरच्याचा अंगठा शाईच्या गादीवरून हळूच बाजूला सारत. लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देणं हा त्यांचा धंदा. पण मराठीत वाचून दाखवल्याशिवाय ते अंगठा घेत नसत. मी आत कचेरीत कागदांच्या नकला उतरवायचो. त्यांचं वाचन खिडकीतून दिवसभर कानावर यायचं.

संस्थानातला प्रत्येक अर्ज ‘फिदवी’ने सुरू होई. फिदवी म्हणजे हुजुरांवरून जीव ओवाळून टाकणारा चाकर. मग म्हैस चोरीला गेलेली का असेना! मुन्शीजींच्या हाताला हे इतकं बसलं होतं की सासऱ्याला खुशालीचं पत्र लिहितानाही त्यांनी सुरुवातीला फिदवी लिहिलं. म्हातारा घाबरून दारात हजर. “जावईबापू, काहून कैदेत पडले तुमी?” हा किस्सा ते स्वतःच सांगत आणि पोट धरून हसत.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात पैनगंगेपलीकडून, म्हणजे हिंदुस्थानातून, एक मराठी वर्तमानपत्र लपतछपत त्यांच्या हाती आलं. दिल्लीत देशाची घटना तयार होत होती, तिच्या मसुद्याची बातमी त्यात होती. आमचं संस्थान त्या देशात नव्हतं. मुन्शीजी खिडकीशी आले. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

“राव, ह्यो अर्ज ‘आम्ही’नं सुरू व्हतो. ‘आम्ही भारताचे लोक.’ आन् वर हुजुरांचं नावच न्हाई!”

“मग अर्ज कोणाला?”

“कोणालाच न्हाई. आपलं आपणच ठरवून राहिले लोक.”

काही दिवसांनी त्यांनी स्वतः मराठीत लिहिलेला कागद दाखवला. आम्ही हिंगोलीचे लोक ठरवतो की ही घटना आमचीही आहे, एवढाच मजकूर. गुपचूप एकेकाला गाठून त्यांनी तो वाचून दाखवला होता आणि अंगठे घेतले होते. हमाल, विणकर, हळद निवडणाऱ्या दोघी बाया. मलाही त्यांनी तो हळू आवाजात पूर्ण वाचून दाखवला.

“सही करा. वरची जागा तुमच्यासाठी सोडली हाय.”

माझी नोकरी सरकारी. मी भ्यालो, दुसरं काही नाही. “उद्या करतो,” म्हणालो.

“बराबर. उद्या.” रागावलेसुद्धा नाहीत. कागद आपल्या दौत-टाकाच्या पेटीत घातला आणि पेटी रोजच्यासारखी कचेरीतल्या माझ्या कपाटात ठेवून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी निंबाखाली कोणी नव्हतं. वर्दीतले लोक सकाळीच त्यांना घेऊन गेले होते. घर उलथंपालथं केलं, कागद काही सापडला नाही. मुन्शीजी परत आले नाहीत. कुठे नेलं तेही कधी कळलं नाही.

पावसाळा सरता सरता संस्थान हिंदुस्थानात आलं, कचेरीवरचं निशाण बदललं. त्या दिवशी मी पेटी उघडली. कागदाच्या सुरुवातीला सवयीने ‘फिदवी’ लिहिलेलं होतं. मग ते तीन रेघांनी खोडून पुढे ‘आम्ही’. खाली अंगठेच अंगठे, आणि सगळ्यांच्या वर एक कोरी जागा. मी टाक बुडवला. पण आता सही करायला भीती कसली उरली होती, आणि भीतीच नसेल तर त्या सहीला मोल ते काय? शाई टाकावरच वाळली.

गेलेल्या माणसाचा एखादा आवाज तुमच्याही कानात राहिला असेल. माझ्या कानात हा आहे. दुपारी खिडकीशी बसलो की येतो, “आधी ऐका.”

ऐकलं तर मी सगळं होतं, मुन्शीजी.