दोनदा तापवलेला कागद

मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला, जिथून भाजीचे टेम्पो बाहेर पडतात, तिथे माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, आत सेकंडहँड घेतलेलं मोठं मशीन, एक कॉम्प्युटर-प्रिंटर, काउंटर आणि बसायला स्टूल. गिऱ्हाईक बहुतेक ड्रायव्हर आणि हमाल. कुणाला लायसनची प्रत हवी असते, कुणाला आधारची, कुणाला गाडीच्या कागदांची. माझे मिस्टर यार्डातच एका भुसाराच्या गाळ्यावर दिवाणजी आहेत. आम्ही दोघंही मूळचे अकोल्याकडचे. लग्न होऊन मी पुण्यात आले तेव्हा माझं बोलणं ऐकून शेजारच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. मग ते बोलणं माझं मीच हळूहळू सोडून दिलं.

ते गृहस्थ पहिल्यांदा आले ती श्रावणातली सकाळ होती. मी नुकतंच मशीन चालू केलं होतं. चालू केल्या केल्या ते प्रती काढत नाही, आधी आतला रोलर तापावा लागतो आणि तोवर मशीनच्या छोट्या पडद्यावर ‘थांबा’ एवढंच दिसत राहतं. मी त्यांना तसं सांगितलं आणि ते थांबले. साठी ओलांडलेले, पांढरा हाफ शर्ट, खांद्याला रेक्झिनची पिशवी. पिशवीतून त्यांनी एक कागद काढून काउंटरवर ठेवला. पाण्याने त्याची शाई पसरली होती. एका तरुण मुलाचा फोटो होता, पण गालांवरून निळे ओघळ आले होते आणि एक डोळा पार नाहीसा झाला होता. वर मोठ्या अक्षरात ‘हरवले आहेत’ असं लिहिलेलं वाचता येत होतं.

“तुमच्या मशीनचं पान्यानं जाते का?” त्यांनी विचारलं.

ते ‘पान्यानं’ ऐकून मला एकदम घरचं कुणी आल्यासारखं वाटलं. मी त्यांना समजावून सांगितलं की प्रिंटरची शाई ओली असते, ती पाण्याने पसरते. ह्यात शाई नसतेच. काळी भुकटी असते, ती कागदावर चित्रासारखी बसते आणि मग दोन रोलरच्या मधून कागद जाताना वितळून कागदातच मुरते. एकदा मुरली की पावसाने जात नाही. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं, मग पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला मूळ फोटो काढून दिला. नवीन पत्रक करायचं होतं. मजकूर त्यांनी तोंडी सांगितला आणि मी तो कॉम्प्युटरवर घेतला. उंची, रंग, चष्मा, निळ्या चौकड्यांचा शर्ट, पाठीवरची कंपनीची बॅग, खाली त्यांचा मोबाइल नंबर. मुलाचं नाव मी इथे लिहीत नाही.

मशीन चालू असताना ते थोडंथोडं बोलले. एसटीच्या डेपोत त्यांची सगळी नोकरी झाली होती. एकच मुलगा, इंजिनिअर झाला, हिंजवडीत एका आयटी कंपनीत लागला. त्या कंपनीने माणसं कमी केली त्यात त्याची नोकरी गेली, पण त्याने घरी सांगितलं नाही. खोलीवरच्या मुलांनासुद्धा सांगितलं नाही. रोज सकाळी आंघोळ करून, बॅग पाठीला लावून बाहेर पडायचा आणि संध्याकाळी परत यायचा. दिवसभर कुठे असायचा हे कुणालाच माहीत नाही. एके दिवशी फोन गादीवर ठेवून गेला तो आलाच नाही. पोलिसात तक्रार दिलेली होती. पोलिसांनी त्यांचं काम केलं, असं ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता.

प्रती बाहेर आल्या तेव्हा ते गठ्ठा हातात घेऊन उभे राहिले. नुकते निघालेले कागद गरम असतात. त्यांनी गठ्ठा छातीशी धरला आणि म्हणाले, “जय भीम ताई, येतो.” मी कुठली, माझं आडनाव काय, ह्यातलं मी काहीच सांगितलं नव्हतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, तो त्यांनी आल्याबरोबर पाहिला असणार.

त्यानंतर ते दर महिन्याला यायला लागले. रात्रीच्या गाडीने बसायचे, सकाळी स्वारगेटला उतरून थेट माझ्याकडे. मग दिवसभर चिकटवत फिरायचे. स्वारगेट, कात्रज, हडपसर, जिथे म्हणून बस थांबते तिथे. डेपोत जन्म गेलेल्या माणसाला वाटायचं की हरवलेलं माणूस कधी ना कधी बस पकडणारच. संध्याकाळी परत गाडीत. घरी बायको एकटी. तिचे गुडघे गेलेले, पुण्यापर्यंतचा प्रवास तिला झेपत नव्हता.

एकदा ते जाड कागद घेऊन आले, जवळजवळ कार्डासारखा. साधा कागद भिंतीवर टिकत नाही, पोरं ओढून काढतात, तर ह्यावर काढा म्हणाले. मी पहिली प्रत काढली. फार सुरेख आली होती, चष्म्याच्या काड्या, भुवया सगळं स्पष्ट. त्यांनी ती हातात घेतली आणि नेहमीच्या सवयीने मुलाच्या कपाळावरून अंगठा फिरवला. कपाळ पुसलं गेलं. त्यांनी अंगठा पाहिला, तो काळा झाला होता. मग दुसऱ्या हाताने कागद सावरायला गेले तर हनुवटीही गेली.

काय झालं हे मला लगेच कळलं. जाड कागदाला उष्णता जास्त लागते. रोलरची ऊब त्याला पुरी पडली नव्हती आणि भुकटी नुसतीच वर बसली होती. मी त्यांना हे सांगत होते, पण ते ऐकत नव्हते. ते कागद दोन्ही हातांनी कडेने धरून उभे होते, जरासुद्धा हलत नव्हते. मी काउंटरच्या बाहेर गेले, तो कागद त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला आणि त्यांना स्टुलावर बसवलं. मग ते रडले. त्यांचं रडणं मी तेव्हाच एकदा पाहिलं. आवाज नव्हता. रुमालाने डोळे पुसताना अंगठ्याचं काळं गालाला लागलं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही आणि मलाही सांगवलं नाही.

मशीनच्या मेकॅनिकला मी फोन लावला. तो म्हणाला, बाई, ह्या जुन्या मॉडेलला उष्णता वाढवायची सोय नाही, साध्या कागदावर काढा. मी फोन ठेवला आणि मला एक सुचलं. निघालेली प्रत मी बाजूच्या ट्रेमधून परत आत घातली आणि काचेवर कोरा कागद ठेवून बटण दाबलं. म्हणजे छापायला काही नाही, पण कागद रोलरमधून पुन्हा एकदा जाणार. बाहेर आल्यावर मी बोटाने घासून पाहिलं. मग नखाने. काही निघालं नाही.

तेव्हापासून त्यांचा प्रत्येक कागद मी दोनदा तापवायची. वेळ लागायचा. ड्रायव्हर लोक मागे उभे राहून कुरकुरायचे. मेकॅनिकने रोलर उघडून पाहिला तेव्हा चिडला, मशीनला मारायचं ठरवलंय का, म्हणाला.  तो मुलगा माझ्या काचेवर इतक्या वेळा पालथा पडला होता की मला तो पाठ झाला होता. डाव्या भुवईत लहानशी खाच होती. ओठ मिटलेले, पण हसू आवरून धरल्यासारखे. माझा स्वतःचा मुलगा त्याच वयाचा. तोही हिंजवडीलाच जातो, कंपनीची बस त्याला कोपऱ्यावरून घेते. तो घरी आला की मी हल्ली त्याला विचारते, आज काय काम केलंस. तो म्हणतो, आई, तुला सांगून काय कळणार आहे. खरंच आहे. पण कळलं नाही तरी मी त्याचं तोंड पाहत राहते.

मग कात्रजचा तो प्रकार झाला. उन्हाळ्याचे दिवस होते. त्यांना कुणाचा तरी फोन आला की पत्रकातला माणूस कात्रजला डेअरीच्या बाजूच्या फुटपाथवर बसलेला असतो. ते मिळेल त्या गाडीने आले. दुपारी माझ्या दुकानापुढे रिक्षा थांबली. त्यातून ते उतरले आणि त्यांनी हाताला धरून एका माणसाला उतरवलं. दाढी वाढलेली, पायात काही नाही, अंगावर कुणीतरी दिलेला मोठा शर्ट. वय तेच असावं. चष्मा नव्हता. तो माझ्याकडे नाही, मशीनच्या हिरव्या दिव्याकडे बघत होता.

त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं. मला म्हणाले, “ताई, तुमी त्याचा फोटो माह्यापेक्षा जास्त वेळा पाह्यला. सांगा, हा तोच हाय का?”

मी वाकून पाहिलं. भुवई सरळ होती, खाच नव्हती. नाक वेगळं, कान वेगळे. दाढी काढली असती तरी तो तो नव्हता. एवढं असून मी बराच वेळ पाहत राहिले. आपण काही चुकतोय का, माणूस इतका बदलतो का, असं स्वतःला विचारत राहिले. शेवटी मी मान हलवली.

ते म्हणाले, “मले माईत हाय. कात्रजलेच कळलं. पन त्याआधीच मी तिले फोन करून बसलो. सापडला म्हणून सांगतलं. आता तिले काय सांगू?”

 मी चहा सांगितला. त्या माणसाने दोन्ही हातांनी ग्लास धरून चहा प्यायला. त्यांनी त्याला नाव विचारलं, गाव विचारलं, घरी कोण आहे विचारलं. तो बोलला नाही. त्यांनी त्याला पाव आणून दिला आणि तो खाताना त्याच्याकडे बघत बसले. मग त्यांचा फोन वाजला. तो घरचाच असणार, कारण ते दुकानाबाहेर टेम्पोंच्या आवाजात जाऊन उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते. ते फोन कानाला लावून नुसते ऐकत होते. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, मी वळले, आणि पुन्हा पाहिलं तेव्हा स्टूल रिकामं होतं. आम्ही दोघांनी त्याला यार्डभर शोधलं. कांद्याच्या गाळ्यांत, पार्किंगमध्ये, सगळीकडे. दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा आम्ही संध्याकाळपर्यंत शोधत होतो. तो सापडला नाही.

पुढचे काही महिने ते आले नाहीत. आले तेव्हा खूप वाळले होते. शर्टाची कॉलर गळ्याभोवती मोकळी पडली होती. कागद साधाच आणला होता आणि नेहमीएवढेच काढा म्हणाले. मी सवयीने पहिली प्रत पुन्हा ट्रेमध्ये घालायला लागले तर त्यांनी हात वर केला.

“एकडावच काढा ताई. दोनदा नका तापवू.”

कागद पातळ असला तरी मी ते त्यांच्यासाठी करायचेच, तसं मी म्हटलं.  मग त्यांनी सांगितलं की ते आता लावतच नाहीत. कात्रजनंतर त्यांच्याने भिंतीला हात लाववत नव्हता. पण बायको घरी मागे लागते, गाडीत बसवून देते, म्हणून यायचं. प्रती काढायच्या, दिवसभर स्वारगेटच्या बाकावर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या आणि निघताना गठ्ठा तिथेच बाकाखाली ठेवून द्यायचा. घरी गेल्यावर ती विचारते कुठे कुठे लावले, तर हे सगळ्या स्टॉपांची नावं सांगतात. नावं त्यांना पाठ होतीच.

“मग काढताच कशाला?” मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

“हातात काही नसलं तं येऊ कसा?” ते म्हणाले.

मी प्रती काढून दिल्या. त्यानंतर ते दोनतीनदा आले, आणि मी दरवेळी काढून दिल्या.  गावाकडचा पाऊस, तुरीचं पीक, एसटीचा संप, असंच काही बोलायचो.

मग ते यायचेच बंद झाले. मी वाट पाहिली. दिवाळी गेली, नवीन वर्ष लागलं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी त्यांच्या पत्रकावरचा नंबर लावला. उचलला तो बाईने. मी कोण हे सांगायच्या आधीच ती म्हणाली, “सापडला का?”

मी पुण्याहून, झेरॉक्सच्या दुकानातून बोलतेय, असं सांगितलं. माझ्याबद्दल तिला माहीत होतं. तिचे मालक दिवाळीच्या आधीच गेले होते. सकाळी अंगणात खाटेवर बसले होते, तसेच कलंडले. हे ती शांतपणे सांगत होती, जणू ते दुःख आधीच्या दुःखाच्या मागे रांगेत उभं होतं आणि त्याची पाळी अजून आली नव्हती. मग तिने विचारलं, “पत्रकं लावनं चालू हाय ना? ते म्हनत, ताई मदत करते म्हणून.”

मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात मी खरंच एक गठ्ठा काढला, प्रत्येक कागद दोनदा तापवला, आणि मिस्टरांना सोबत घेऊन स्वारगेटला लावून आले. काही दिवसांनी त्या बाजूला गेले तर सगळ्यांवर हॉस्टेलच्या आणि क्लासच्या जाहिराती बसल्या होत्या. एका ठिकाणी फक्त ‘हरवले’ एवढंच वर उरलं होतं. पुन्हा लावायला मी गेले नाही. जाऊ शकले असते, वेळ होता. पण पाय उचलला नाही, आणि तेव्हा मला त्यांचं बाकावर बसणं कळलं.

आता ती बाई अधूनमधून मला फोन करते. परवाही केला होता. कुठे कुठे लावले, विचारलं. मी म्हटलं, कात्रज, स्वारगेट, हडपसर. ती म्हणाली, हिंजवडीतही लावजा, तिथं त्याच्यासोबतची पोरं असतात, कोनी ना कोनी ओळखन. मी बरं म्हटलं. काउंटरवर एक ड्रायव्हर लायसन पुढे करून उभा होता. मी फोन ठेवला आणि त्याला प्रत काढून दिली.