आठ फूट चढलेलं पाणी

मागच्या गुरुवारी चाकूर तालुक्यातल्या एका गावात आमंत्रण द्यायला गेले होते... आणि भीती घेऊन परत आले. ती अजून पुरती उतरलेली नाही, म्हणून लिहितेय.

मी नांदेडला इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल शिकवते. यंदा उत्कृष्ट संशोधनाचा विद्यापीठाचा पुरस्कार मला जाहीर झाला. विषय विहीर पुनर्भरणाचा, म्हणजे शेतातून वाहून जाणारं पाणी गाळून विहिरीजवळच्या खड्ड्यात जिरवायचं. या गावात खड्डा झाल्यावर भर दुष्काळात विहिरीचं पाणी आठ फूट चढलं, असं माझे आकडे सांगत होते.

ते आकडे घेतले होते गयाबाईंनी. दर रविवारी विहिरीत टेप सोडायचा, पाणी किती खोल आहे ते बघायचं आणि मला व्हॉट्सअ‍ॅप करायचं. पुढे त्यांचा खांदा धरला, तेव्हापासून त्यांचे मिस्टर भीमराव मोजू लागले. एक रविवार चुकला नाही, म्हणून समारंभाला दोघांनी यावं असं मला मनापासून वाटत होतं.

दारात जयभीम झाला, चहा झाला. मी सहज म्हटलं, चला, विहिरीवर एक फोटो काढू, टेप घेऊन या. तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले...

टेप पहिल्याच पावसाळ्यात विहिरीत पडला होता. मॅडम रागावतील म्हणून सांगितलं नाही. मग दोरीला दगड बांधून सोडायचा, ओली खूण धरायची आणि वाव घालून मोजायचं. दोन्ही हात ताणले की एक वाव, आणि एक वाव म्हणजे सहा फूट, हे गावात सगळ्यांनाच पाठ.

भीमरावांनी हौसेनं हात पसरून दाखवले. चांगले उंचेपुरे आहेत ते. मग शेजारी गयाबाईंनी पसरले... गयाबाई जेमतेम माझ्या खांद्याला लागतात.

खोली तीच, पण आखूड हातांनी मोजली की जास्त वाव भरणार, लांब हातांनी मोजली की कमी. आणि खड्डा तयार झाला त्याच महिन्यात गयाबाईंचा खांदा धरला होता. म्हणजे पाणी चढलं नव्हतं... मोजणारा माणूस बदलला होता.

चूक त्यांची नाही, हे आधीच सांगते. तीन वर्षांत मी स्वतः त्या विहिरीवर दोनदा गेले, तेही फोटोपुरती. बाकी सगळं संशोधन एसीत बसून.

विहिरीवर न जाताच परत निघाले. अहमदपूरपर्यंत ड्रायव्हर होऊ घातलेल्या नव्या जिल्ह्याच्या गप्पा मारत होता, कोणता तालुका कुठे जाणार वगैरे. मी हूं हूं करत मोबाईलवर गुणाकार करत होते. कसाही केला तरी आठ फूट हातांच्या त्या फरकातच संपत होते. लोक काय म्हणतील, प्रमोशनचं काय होईल, पेपर मागे घ्यावा लागला तर विद्यार्थ्यांना तोंड कसं दाखवू.

शुक्रवारी आमच्या विभागप्रमुखांना सांगितलं. सर भले गृहस्थ आहेत. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, अजून कुणाला माहीत आहे? मी म्हटलं, कुणालाच नाही.

"मग सुधारणा नंतर पाठवता येईल मॅडम. आधी शाल तर घ्या."

मी 'हो सर' म्हणाले. खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटलं.

शनिवारी सकाळी समारंभासाठी साडी नेसत होते आणि गयाबाईंचा फोन आला. येणं जमणार नाही म्हणाल्या. विहिरीवर नंबर लागलेत, एक घागर भरायलाच लई वेळ जातोय. मी विचारलं, टँकर येत नाही का? तर पाणी चढल्याची बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हाच सरपंचांनी टँकरचा अर्ज मागे घेतला होता... आपल्याकडे पाणी चढलंय, शेजारच्या गावाला द्या म्हणून.

मी घाबरत विचारलं, विहिरीत आहे तरी किती?

"तळ दिसायलाय मॅडम. आमाला बी चढल्यावानी वाटलं न्हाई. पर तुमच्या कागदात हाय म्हणल्यावर आसंलच की."

तोवरची भीती माझ्या नावाची होती, माझ्या शालीची होती. इथे बाईंना डोळ्यांनी तळ दिसत होता आणि तरी त्या माझ्या कागदावर विश्वास ठेवून रांगेत उभ्या होत्या. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सरांना फोन करून पुरस्कार घेत नाही म्हणून सांगितलं. ते 'बघा बुवा' म्हणाले. विद्यापीठाला आणि जर्नलला ईमेल टाकले आणि त्याच साडीत, नवा टेप घेऊन गाव गाठलं. पाणी चढलेलं नव्हतंच... उलट पहिल्या टेपच्या आकड्यांपेक्षा थोडं उतरलं होतं.

शाळेच्या ओट्यावर सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. वाटलं, आता शिव्या पडणार. सरपंच नुसते म्हणाले, मग अर्ज लिहा.

अर्ज मीच लिहिला. खाली तज्ज्ञ म्हणून माझी सही हवी होती. नावाआधी 'डॉ.' लिहायचा धीर होईना, म्हणून नुसतंच नाव लिहायला घेतलं. गयाबाईंनी वाकून बघितलं.

"त्ये आधीचं लिवा मॅडम. त्येच्याबिगर टँकर यायचा न्हाई."

लिहिलं... टँकर परवा आला. गयाबाईंनी माझ्यावर अजूनही विश्वास ठेवलाय. त्याचे उपकार मानावेत की त्याचीच भीती धरावी, हे मला अजून कळलेलं नाही.