पाहुणे होडीनं आले

आमच्या गावाला दोन वर्षं सिटी बसची होडी होती, हे आता सांगितलं तर लोक हसतात. हसू देत. एकलहऱ्याच्या बंधाऱ्यामुळे गोदावरीला मोठा फुगवटा आलाय. त्याच्या एका काठाला वीज केंद्राच्या चिमण्या आणि दुसऱ्या काठाला आमचं गाव. रस्त्यानं नाशिकरोड गाठायचं तर पुलापर्यंत लांबलचक वळसा. होडी सुरू झाली आणि बसच्याच तिकिटावर नदी पार करता येऊ लागली. पलीकडे उतरलं की बस उभीच असायची. होडीवर कंडक्टरही बसचाच, खाकी शर्टातला, पोहता न येणारा. फेरीभर तो एका हातानं मधला खांब धरायचा आणि दुसऱ्या हातानं मशीनमधून तिकिटं काढायचा.

माझी नोकरी त्या होडीमुळे होती. नाशिकरोडच्या एका लॅबमध्ये मी रक्ताचे नमुने तपासत असे, आजही तपासते. अंधार पडायच्या आत घरी यायचं, या अटीवर अप्पांनी मला जाऊ दिलं होतं आणि ते होडीमुळेच जमत होतं. अप्पा म्हणजे माझे वडील. पण मग स्थळं यायला लागली. मुलगी नोकरी सोडणार नाही म्हटल्यावर दोन स्थळं परत गेली. तिसरं कळवणचं आलं. मुलगा अंबडला कंपनीत, नाशिकमध्येच राहणार, लग्नानंतर नोकरी करायला आमची हरकत नाही, असा निरोप आला. अप्पांनी फोन करून पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. हो, हो, असंच उत्तर आलं. घरात मग माझं लग्न जमल्यासारखंच झालं. मला फक्त साडी कुठली नेसणार एवढं विचारण्यात आलं. "या वेळी काही फाटे फोडू नकोस," आईनं बजावलं.

पाहुण्यांना होडीनं बोलवायची हौस अप्पांचीच. गाडी एकलहऱ्याला लावा आणि आमच्या होडीनं या, म्हणाले. जसं काही होडी त्यांनीच बांधली होती.

त्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकून परत निघाले होते. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. शहरातल्या मुली गाडीवर उन्हासाठी बांधतात, आमच्याकडे वीज केंद्राची राख उडते म्हणून पायी चालणाऱ्याही बांधतात. वरून कंडक्टरनं चढवलेलं नारिंगी लाइफ जॅकेट. त्या अवतारात मला आईनंही ओळखलं नसतं. समोरच्या बाकावर तीन अनोळखी माणसं होती: जरीकाठाची साडी नेसलेली एक बाई, तिचा मुलगा आणि मांडीवर मिठाईचा खोका सांभाळणारे मुलाचे मामा. मुलाचा फोटो मला कोणी दाखवला नव्हता, पाहुणे चारच्या सुमारास येणार होते आणि अजून दुपार कलली नव्हती, म्हणून माझ्या डोक्यात काही आलं नाही.

नदीच्या मध्यावर आलो आणि इंजिन घरघरून बंद पडलं. पाणवेल. शहराच्या सांडपाण्यावर पोसलेली ही वेल दर उन्हाळ्यात फुगवटा झाकून टाकते. लांबून हिरवंगार शेत दिसतं. तिच्या मुळ्या पंख्याला गुंडाळल्या गेल्या होत्या. चालकानं कोयता घेतला आणि मागे पालथा पडून तो त्या तोडायला लागला. "कोणी उठू नका," कंडक्टर ओरडला, आणि त्यानं खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली.

वारा नव्हता. कुजक्या पाण्याचा वास आणि डास. बराच वेळ गेला. बाई कंटाळली असावी.

"ए ताई, तू याच गावची का?"

"हो, मावशी."

"मग ही पोरगी तुला ठावं असंल." तिनं मोबाइल पुढे केला.

फोटो माझा होता. हिरव्या साडीतला, स्टुडिओत काढलेला. त्यात मी आहे त्यापेक्षा बरीच गोरी आणि बरीच गरीब दिसते.

त्याच क्षणी स्कार्फ सोडायला हवा होता, हे मला पुढे सगळ्यांनी ऐकवलं. सोडून करू काय? "मीच ती" म्हणून नदीच्या मधोमध पाया पडू? मुलीची गावात चौकशी करायची रीतच आहे. किराणा दुकानात करतात, शेजारी करतात. अप्पांनीही अंबडला जाऊन मुलाची केली होती. मुलीची चौकशी खुद्द मुलीकडे करायची वेळ मात्र यांच्यावरच आली.

"माहितीये," मी म्हणाले.

"सभावाला कशी हाय?"

"जरा तापट आहे."

मामा हसले. "लोकांना सुया टोचून टोचून झाली असंल."

"तापट चालंल," बाई म्हणाली. "घरातलं करती का?"

"करते. पण नोकरी सोडणार नाही म्हणे."

"तिचा बाप बी तेच इचारत होता. आम्ही हो म्हणलो. हो म्हणायला काय जातंय? दिवाळीला याला कंपनी सोडायला लावायची अन् कळवणला खता-औषधाचं दुकान टाकून द्यायचं. गाळा घेऊन ठिवलाय. मग ती काय एकटी ऱ्हाणार व्हय नाशकात? पोरी आधी अशाच बोलत्यात. लेकरू झालं की बसत्यात घरी."

मी मुलाकडे पाहिलं. तो पाणवेलीकडे बघत होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी असते तर उठून आत गेले असते, लॅबमध्ये असते तर बाहेर. इथे जाणार कुठे? चारी बाजूंनी ती हिरवी वेल आणि गळ्यापर्यंत आवळलेलं जॅकेट. तिघं समोर बसून माझं पुढचं आयुष्य मांडत होते, दुकानाच्या वरची खोली कोणाला द्यायची इथपर्यंत, आणि मधून मधून मलाच मत विचारत होते. मी हूं हूं करत राहिले. मला खूप भीती वाटली, कारण त्यांचं बोलणं वाईट नव्हतं. खोलीला पंखा नवा बसवू म्हणत होते. ते इतकं ठरलेलं होतं की त्यात मी नाही म्हणायची जागाच राहिली नव्हती.

शेवटी थोडी वेल तुटली आणि होडी कशीबशी काठाला लागली. लागताच मी काठावर उडी टाकली आणि मागच्या गल्लीनं घर गाठलं. आई चुलीपाशी होती. तिला भराभरा सांगितलं. "लोक होडीत काहीबाही बोलतात. गप साडी नेस, ते आलेत दारात," ती म्हणाली, आणि नेसून होताच तिनं कांदे-पोह्यांचा ट्रे माझ्या हातात दिला.

मी बाहेर गेले. मान खाली, ट्रे पुढे. "नाव सांग, बाळा," बाई म्हणाली. मी सांगितलं आणि तिचा चमचा हवेतच थांबला. आवाज ओळखला तिनं. मुलानंही वर पाहिलं.

अप्पा खुशीत होते. "नोकरीचं तेवढं समोरासमोर होऊन जाऊ द्या."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. तिला अजूनही खरं सांगता आलं असतं. "आमची काय हरकत नाय," ती सावकाश म्हणाली. पाहायच्या कार्यक्रमात मुलगी तोंड उघडत नसते, यावर तिचा भरवसा होता. माझाही होता. आधीच्या दोन स्थळांसमोर मी एक शब्द बोलले नव्हते, नोकरीचं अप्पाच बोलले होते.

"झालं तर मग," अप्पा म्हणाले.

"मावशी, कळवणच्या गाळ्याचंही अप्पांना सांगा ना," मी म्हणाले.

मामांनी बशी खाली ठेवली. "हिला कोण बोललं?"

"होडीत हीच होती," मुलगा म्हणाला. त्याचं मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

अप्पांनी त्याला विचारलं, "खरं आहे का?"

"दुकानाचं अजून नक्की नाही," तो म्हणाला.

"तोंड बांधून बसायचं अन् मोठ्यांचं ऐकायचं, ही कुठली रीत?" बाई भडकली.

"विचारलंत तुम्ही. मी एक अक्षर खोटं सांगितलं नाही. तापट आहे, हेही सांगितलं होतं."

लग्न तिथेच मोडलं, पण पाहुणे जाणार कसे? गाडी पलीकडे आणि चालक काठावर पंख्यात उरलेली वेल तोडत बसलेला. रिक्षानं वळसा घालून सोडतो, असं अप्पा म्हणाले नाहीत आणि त्यांनीही मागितलं नाही. सगळे तसेच बसून राहिले. मामांनी टीव्ही लावायला सांगितला. आईनं पुन्हा चहा केला, पाहुण्यांना काय तसंच ठेवणार? मी स्वयंपाकघरात जरीची साडी नेसून भिंतीला टेकून बसले होते. बाहेर जायला दार एकच, आणि ते बैठकीतून.

होडी सुटायचा भोंगा वाजला तेव्हा ऊन उतरलं होतं. अप्पा त्यांना काठापर्यंत सोडून आले. आत येऊन माझ्यासमोर खाली बसले. आता मार बसेल की रडतील, मला कळेना.

"होडीत असंच म्हणाल्या त्या?"

"असंच."

"मग ते यायच्या आधी मला का नाही सांगितलंस? आईला सांगितलंस, मला नाही."

"तुम्ही ऐकलं असतंत?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"नसतं ऐकलं," ते म्हणाले.