दोन्ही बैल उजवे

सत्तर सालानंतरची गोष्ट. पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जाणार, यावरून आमच्या गावात वरच्या आणि खालच्या मोहल्ल्याची तुंबळ मारामारी झाली. सेलूच्या डॉक्टरांना पट्ट्या पुरेनात. माझ्या आबांचं डोकं फुटलं, आणि आबांच्या काठीनं खालच्या मोहल्ल्यातल्या त्यांच्या व्याह्यांचा, म्हणजे माझ्या आत्याच्या सासऱ्यांचा हात मोडला. सासऱ्यांनी आत्याचं माहेर बंद केलं. माहेर तरी केवढं लांब, हाकेच्या अंतरावर! मला दोन्ही म्हाताऱ्यांचा भयंकर राग यायचा. आत्यावाचून घर खायला उठायचं.

शेवटी मारुतीच्या पारावर पंच बसले. दोन्हीकडच्यांना झाप झाप झापून त्यांनी निकाल दिला, "पुढच्या पोळ्याले पहिली जोडी साऱ्या गावाची. एक बैल वरचा, एक खालचा. अन् ते या दोघा इरसालांनीच द्याचे."

इरसाल म्हणजे आबा आणि व्याही. दोघांनीही ऐटीत आपापला सगळ्यात देखणा बैल आणला. मानेवर जू ठेवलं तेव्हा कळलं, दोन्ही बैल उजव्या बाजूला चालणारे! दोघंही उजवीकडेच घुसू लागले, जू आडवं झालं आणि पंच पळत पारावर चढले.

"तुमचा लावा डावीकडं."

"काऊन? तुमचाच लावा ना!"

पुन्हा काठ्या निघतात की काय, असं वाटलं. तेवढ्यात आबांची नजर पारासमोरच्या व्याह्यांच्या दाराकडे गेली. तिथे आत्या उभी होती. आबा हळूच म्हणाले, "माहा चालन डाव्या अंगानं. मी शिकवतो त्याले."

मग उन्हाळाभर दोघं मिळून ती जोडी नाल्याकाठानं फिरवत होते. आधी फक्त बैलांशी बोलायचे. "सांग त्याले, हळू चाल म्हना." पुढे एकाच चंचीतला तंबाखू सुरू झाला. आत्याचं नाव मात्र कोणीच काढेना.

पोळ्याला जोडी तोरणाखालून झोकात गेली आणि पूजेसाठी घरोघर निघाली. आत्यानं दोन्ही बैलांचे पाय धुतले. आमच्या बैलाला तिनंच वासरापासून वाढवलं होतं. त्याला पुरणपोळी भरवताना ती रडायलाच लागली.

जोडी आमच्या मोहल्ल्याकडे वळली. आत्या पूजेचं ताट धरून उंबऱ्यातच थांबली. सासरे मागे वळून खेकसले, "बैल तुह्या माहेरी जाऊन राह्यले पोरी, तू काऊन उभी? चाल!"

आत्या ताट ठेवायलासुद्धा थांबली नाही.